ट्रकची जन्मतारीख

पुण्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला लष्कराच्या ट्रकमागे रांगत जायची सवय असते. पुढच्या वेळी असे अडकलात तर हॉर्न वाजवण्याआधी त्याची नंबर प्लेट नीट बघा. आपल्यासारखं एमएच बारा वगैरे काही नसतं. आधी वर तोंड केलेला एक बाण आणि मग दोन आकडे. ते दोन आकडे म्हणजे गाडी सैन्यात दाखल झाली ते वर्ष. ०९ असेल तर २००९. झालं! सिग्नल सुटायच्या आत तुम्ही एका लष्करी गाडीचं वय काढलंत. (तो बाण आपल्याला इंग्रजांकडून आलाय. सरकारी मालावर बाण उमटवायची त्यांची पद्धत शेकडो वर्षं जुनी. तोफा, नांगर, लाकडाचे ओंडके, कैद्यांचे कपडे, काहीही सुटलं नाही.)

सगळीकडे इतकं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता आणि तुम्ही शनिवारची झोप काढायला मोकळे झाला असता. पण दुसऱ्या महायुद्धातला एखादा ट्रक, किंवा त्या ट्रकचा जुना फोटो समोर आला की ही सोय नसते. नंबर पाच वेळा पुसून पाच वेळा रंगवलेला असतो. युद्धानंतर लिलावात गाडी विकली गेली की कागदावर लागते ती नव्या नोंदणीची तारीख, जन्माची नव्हे. पत्र्याची माहितीपट्टी स्क्रू काढून कुणीतरी आठवण म्हणून घरी नेलेली असते. मग उरतो तो नुसता ट्रक. आणि गंमत म्हणजे तो ट्रक बोलतो, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

हे वेड मला कसं लागलं ते सांगत बसत नाही. इतकंच सांगतो की दिवसभर दुसऱ्याने लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये 'ही ओळ इथे कधी आणि का आली' हे शोधणाऱ्या माणसाला हा छंद फार परका वाटत नाही.

सुरुवात जीपपासून करू, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. 'जीप म्हणजे ट्रक कुठे?' असं म्हणाल, तर अमेरिकन सैन्याच्या कागदपत्रांत तिचं अधिकृत नाव 'पाव टनी ट्रक' असंच आहे. युद्धकाळात अशा सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. विलीजने बनवली ती 'एमबी' आणि फोर्डने बनवली ती 'जीपीडब्ल्यू'. त्यातल्या 'जी'चा अर्थ सरकारी, 'पी' म्हणजे ८० इंची व्हीलबेस आणि 'डब्ल्यू' म्हणजे विलीजचं डिझाईन. म्हणजे फोर्डसारख्या कंपनीला स्वतःच्या मॉडेलच्या नावात प्रतिस्पर्ध्याचं आद्याक्षर वागवावं लागलं. सरकारी काँट्रॅक्ट म्हणजे काय असतं ते आपल्यापैकी काही जणांना वेगळं सांगायला नको.

कागदावर या जीपचं डिझाईन १९४१ च्या अखेरीपासून १९४५ पर्यंत एकच. दरवर्षी नवं मॉडेल काढायची मोटार कंपन्यांची पद्धत युद्धात बंद होती. पण म्हणून गाडी बदलत नव्हती असं नाही. उलट ती सतत बदलत होती. सुधारणा सुचली, एखादा धातू मिळेनासा झाला, आघाडीवरून तक्रार आली, की चालू लाईनवरच बदल घुसडायचा. मोठा रिलीज नाही, नुसते पॅचवर पॅच. आणि प्रत्येक पॅच पत्र्यात उमटलेला.

सगळ्यात प्रसिद्ध पॅच म्हणजे समोरची जाळी. विलीजच्या पहिल्या २५ हजारांहून थोड्या जास्त जीपना लोखंडी पट्ट्या वेल्ड करून बनवलेली जाळी होती, एखाद्या खिडकीच्या गजांसारखी. ती करायला वेळ जायचा आणि वजनही जास्त. फोर्डच्या लोकांनी डोकं लावलं आणि एकाच पत्र्यातून प्रेसखाली ठोकून काढलेली, नऊ उभ्या फटींची जाळी आणली. हलकी, स्वस्त, झटपट. मार्च १९४२ च्या सुमारास विलीजनेही मुकाट्याने तीच घेतली. म्हणजे पट्ट्यांची जाळी दिसली आणि ती मूळची असली, की गाडी विलीजची आणि १९४१ ची अखेर ते १९४२ चा आरंभ इतक्या छोट्या खिडकीतली. एका नजरेत कंपनी आणि तारीख दोन्ही! छंदवाल्यांमध्ये या गाड्यांना सोन्याचा भाव का आहे ते यावरून कळेल.

बाकीचे पुरावे बारीक आहेत. सुरुवातीच्या जीपच्या मागच्या पत्र्यावर विलीज किंवा फोर्ड हे नाव ठसठशीत उठवलेलं असायचं. १९४२ च्या मध्याला सैन्याने ते बंद करायला लावलं. सरकारी पैशाने फुकट जाहिरात नको! डॅशबोर्डमधला छोटा कप्पा सुरुवातीच्या गाड्यांत नव्हता. मागे जेरीकॅन अडकवायची चौकटही नंतरची. (जेरीकॅन हे मूळ जर्मन डिझाईन. दोस्त सैन्यांना आपल्या डब्यांपेक्षा शत्रूचा डबा कितीतरी चांगला आहे हे कळल्यावर त्यांनी तो जसाच्या तसा उचलला. 'जेरी' हे जर्मनांचं चिडवायचं नाव, ते डब्याला कायमचं चिकटलं.) चाकं आधी नेहमीसारखी एकसंध होती, पुढे दोन भाग बोल्टने जोडलेली आली. आणि १९४४ च्या सुरुवातीपासून फोर्ड आणि विलीज दोघांनाही बॉडी एकाच कारखान्यातून, एकाच पद्धतीची येऊ लागली. त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत नुसत्या पत्र्यावरून कंपनी ओळखता येत नाही.

मग ओळखायची कशी? खाली वाकून. पुढच्या बंपरमागे चासीचा आडवा दांडा बघायचा. गोल नळी असेल तर विलीज, चौकोनी घडीचा पत्रा असेल तर फोर्ड. विलीजचा चासी नंबर रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर, फोर्डचा सरळ चासीच्या लोखंडात ठोकलेला. शिवाय फोर्डने आपल्या गाडीच्या बोल्टांच्या डोक्यांवर, ब्रॅकेटांवर, जिथे जमेल तिथे 'एफ' हे अक्षर उमटवलं होतं. नाव लावायची बंदी होती, आद्याक्षराची नव्हती बहुतेक! आपल्याकडे लग्नात मिळालेल्या पातेल्यांवर नाव कोरून ठेवतात ना, तसंच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळी गल्लत तिथेच होते. दोन ट्रकमध्ये फरक दिसला म्हणजे एक आधीचा आणि एक नंतरचा, असं नसतं. काही फरक काळाचे असतात आणि काही घराण्याचे. पट्ट्यांची जाळी आणि नऊ फटींची जाळी हा काळाचा फरक. गोल नळी आणि चौकोनी दांडा हा घराण्याचा फरक, दोन्ही शेवटपर्यंत शेजारीशेजारी बनत होते. पहिल्यावरून तारीख निघते, दुसऱ्यावरून निघत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एक व्हर्जन नंबर आहे आणि दुसरी ब्रँच.

याचं सगळ्यात छान उदाहरण जीएमसीच्या अडीच टनी ट्रकचं. नॉर्मंडीत उतरल्यावर पेट्रोल आणि दारूगोळा पुढे पोचवणारा, सहा चाकं फिरवणारा तो हाच. याच्या नावातच तारीख आहे: सीसीकेडब्ल्यू. पहिला 'सी' म्हणजे डिझाईन १९४१ चं, दुसरा 'सी' म्हणजे नेहमीची केबिन, 'के' म्हणजे पुढचा ॲक्सलही फिरता, 'डब्ल्यू' म्हणजे मागचे दोन्ही ॲक्सल फिरते. इतकं सुटसुटीत नाव ठेवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. आमच्याकडे फायलींना 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन खरंच' अशी नावं असतात. पण नावातलं १९४१ हे डिझाईनचं वर्ष. समोर उभा असलेला ट्रक १९४५ चाही असू शकतो, आणि असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक बनले.

आता त्याच्या खाली डोकावलात तर दोन वेगळ्या प्रकारचे ॲक्सल सापडतात. एका प्रकारात मधला गोळा दोन अर्ध्या भागांचा, उभा बोल्टने जोडलेला. दुसऱ्यात मागे गोल झाकण असलेला अखंड. साहजिकच वाटतं की एक जुना, एक सुधारित. तसं नाही. एवढे ट्रक, प्रत्येकाला तीन ॲक्सल. एका पुरवठादाराचा माल पुरेना म्हणून दोन ठिकाणांहून घेतले, इतकंच. हा घराण्याचा फरक. त्याच ट्रकची केबिन मात्र काळ सांगते. सुरुवातीला बंद पत्र्याची, दारांना काचा असलेली, युद्धाआधीच्या बाजारातल्या ट्रकसारखी गोलाईदार. युद्धाच्या उत्तरार्धात तिच्याजागी उघडी, कॅनव्हासच्या टपाची केबिन आली. पोलाद वाचतं, जहाजात कमी जागा लागते, वर मशीनगनचं कडं बसवता येतं. मागचा हौदाही आधी पोलादी, मधल्या काळात पोलादाच्या टंचाईपायी लाकडी. टंचाई हा तारखेचा फार भरवशाचा साक्षीदार आहे. फॅशन परत येते, टंचाई सहसा आपल्या ठरावीक महिन्यांतच असते.

रंगाचंही तसंच. ब्रिटनमध्ये १९४१-४२ मध्ये हिरव्या रंगासाठी लागणारं क्रोमियमचं रसायन कमी पडायला लागलं, तेव्हा ब्रिटिश सैन्याने गाड्या चक्क तपकिरी रंगवल्या. मग एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकन गाड्यांशी जुळणारा शेवाळी हिरवा आला. त्यामुळे जुना ट्रक हाताशी असेल तर जाणकार माणूस बॉनेटच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे कुणी परत रंगवायला जात नाही, पॉलिश पेपरने हळूहळू एक गोल घासतो. रंगांची वर्तुळं दिसू लागतात, झाडाच्या खोडासारखी. वर कुणा मालकाचा निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली तपकिरी. तपकिरी सापडला की १९४४ च्या आधीच्या हातांनी ही गाडी रंगवली असण्याची शक्यता वाढते. बाहेरचा पांढरा तारा मात्र बघूसुद्धा नका. तो प्रत्येक हौशी मालक सगळ्यात आधी रंगवतो.

आता आपल्याला सगळ्यात जवळच्या ट्रककडे येतो. उत्तर आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत भारतीय सैनिकांनी जे ट्रक चालवले त्यात कॅनडात बनलेल्यांचा वाटा फार मोठा होता. कॅनडाने युद्धात आठ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या, आणि त्यातल्या साधारण निम्म्या एकाच घराण्यातल्या: चपट्या नाकाच्या, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या. फोर्ड आणि शेवरले, एरवीचे कट्टर वैरी, युद्धापुरते एकाच नकाशावर काम करत होते. नाक चपटं का? कारण ब्रिटिशांची अट होती की गाडी आखूड हवी, म्हणजे जहाजात जास्त मावतील. त्यामुळे मोठं अमेरिकन इंजिन थेट केबिनमध्ये घुसलं आणि ड्रायव्हरचे पाय इंजिनाच्या उबेत गेले. कॅनडाच्या थंडीत ठीक आहे हो, इथे एप्रिलमध्ये इंफाळच्या रस्त्यावर काय होत असेल!

नावं इथेही साधी. एफ म्हणजे फोर्ड, सी म्हणजे शेवरले. मग वजन, हंड्रेडवेटमध्ये: १५, ३० किंवा ६०. वीस हंड्रेडवेटचा एक टन, म्हणून ६० म्हणजे तीन टनी. शेवटी अक्षर: एस म्हणजे आखूड व्हीलबेस, एल म्हणजे लांब. सी ६० एल म्हटलं की शेवरलेचा लांब तीन टनी ट्रक. हे ट्रक सुट्या भागांत, पेट्यांत भरून जगभर जायचे आणि तिथे जोडले जायचे. भारतातही जोडले गेले. काहींच्या तर नुसत्या चासी आल्या. भारतीय रेल्वेच्या वर्कशॉपांनी टाटांच्या पोलादाच्या जाड पत्र्यांतून त्यांच्यावर चिलखती बॉडी चढवली, आणि सैनिकांनी त्या गाड्यांना नाव दिलं 'टाटानगर'. एखाद्या फोटोत तसलं कोनाकोनाचं चिलखती धूड दिसलं की भारतीय तुकडी जवळपास आहे असं समजायला हरकत नाही.

या कॅनेडियन ट्रकची तारीख केबिनमध्ये असते. केबिनला नंबर आहेत: ११, १२ आणि १३. पहिल्या दोन १९४० आणि १९४१ च्या, दिसायला जुळ्या बहिणी, समोरची काच सरळ उभी. बारा नंबरच्या केबिनचं बॉनेट मगरीच्या जबड्यासारखं एका तुकड्यात वर उघडतं, हाच ठळक फरक. मग आली तेरा नंबर. तिचं उत्पादन खऱ्या अर्थाने १९४२ मध्ये सुरू झालं आणि युद्ध संपेपर्यंत तीच राहिली. ती शंभर फुटांवरून ओळखता येते, कारण समोरच्या दोन काचा उलट्या तिरक्या आहेत. वरची कड पुढे, खालची मागे, जणू ट्रक कपाळाला आठ्या घालून रस्त्याकडे बघतोय. हा काही स्टाईलचा प्रकार नाही. सरळ काचेवर ऊन चमकतं आणि ते विमानातून दिसतं. काच खाली झुकवली की चमक जमिनीकडे जाते. वरून बॉम्ब पडत असले की डिझाईनचा आढावा किती गंभीरपणे घेतला जातो बघा.

आणि तेरा नंबरमध्ये फोर्ड की शेवरले? समोरच्या जाळीची वीण बघायची. चौकोनी घरं असली तर फोर्ड, शंकरपाळ्यासारखी तिरकी घरं असली तर शेवरले. ट्रक चालू असेल तर डोळे मिटूनही कळतं. फोर्डला आठ सिलिंडरचं व्ही-एट, शेवरलेला सरळ रांगेतले सहा.

आत्तापर्यंत सगळं छान जमलंय असं वाटत असेल, तर आता खरी पंचाईत सांगतो. हे सगळे भाग बोल्टने जोडलेले आहेत. म्हणजेच ते काढता येतात.

आमच्या गावचं देऊळ यादवकालीन आहे असं गावात सगळे सांगतात. खांब जुने आहेतच. शिखर पेशवाईतलं. सभामंडप आजोबांच्या लहानपणीचा आणि फरशी सात-आठ वर्षांपूर्वी बसवलेली, वर देणगीदारांची नावं. देऊळ कधीचं? युद्धातल्या ट्रकचं तंतोतंत असंच असतं. खुद्द युद्धातच वर्कशॉपमध्ये गाड्या पूर्ण सुट्या करायचे. इंजिनं एका ढिगात, ॲक्सल दुसऱ्या ढिगात, बॉड्या तिसऱ्या. दुरुस्त झाल्यावर जे पहिलं हाताला येईल ते चढवायचं. फोर्डच्या चासीवर विलीजचं इंजिन येणं ही लबाडी नव्हती, ते वर्कशॉपचं रोजचं काम होतं. फ्रेंचांनी तर युद्धानंतर आपल्या जुन्या जीप अशाच वर्षानुवर्षं नव्याने बांधल्या, आणि १९५० च्या दशकात हॉचकिस कंपनीने लायसन्स घेऊन हुबेहूब तशीच जीप नव्याने बनवायला घेतली. ती १९६६ पर्यंत बनत होती. नऊ फटींची जाळी, सगळं तेच. नवख्या माणसाला ती १९४४ ची म्हणून सहज खपवता येते. बहुतेकींची वायरिंग मात्र २४ व्होल्टची असते. मूळची सहा.

खपवण्यावरून आठवलं. मागे एका परिचितांना कुणीतरी 'ओरिजिनल १९४३, युद्धावर गेलेली' जीप दाखवत होतं. किंमत ऐकून मीच खाली बसलो. फोटो मागवले. जाळीला सात फटी. हेडलाईट मोठे आणि पुढे आलेले. पेट्रोल भरायचं तोंड बाहेर, बॉडीच्या बाजूला. मागे उघडणारं फळकूट. यातली एकही गोष्ट युद्धातल्या जीपला नव्हती. तिला फटी नऊ, मागचा पत्रा बंद, आणि पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरला उठवून सीट वर करावी लागायची. सात फटी म्हणजे १९४५ मध्ये युद्ध संपता संपता शेतकऱ्यांसाठी काढलेली नागरी जीप किंवा तिचं पुढचं खानदान. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या महिंद्राच्या जुन्या जीपही त्याच खानदानातल्या. गाडी वाईट नव्हती, उलट मस्त होती. फक्त ती कधीच कुठल्या युद्धावर गेली नव्हती. परिचितांनी शेवटी घेतली नाही. घ्यायला हवी होती, तिच्या खऱ्या किमतीत.

म्हणून प्रत्यक्ष ट्रकची तारीख ठरवताना जाणकार सगळ्यात आधी जे बदलायला सगळ्यात अवघड ते बघतात: चासी, तिच्यावर ठोकलेला नंबर. मग इंजिनाच्या ओतकामावरच्या खुणा. जाळी, दिवे, चाकं, सीट हे सगळं नंतर. आणि उत्तर कधी एका तारखेत येत नाही. चासी अमुक काळातली, इंजिन तमुक, बॉडी युद्धानंतरची, असं लांबलचक येतं. विकणाऱ्याला ते आवडत नाही.

फोटोचं मात्र सोपं असतं. फोटोत दिसणारा ट्रक त्या क्षणी जसा होता तसाच असतो, नंतर कुणी जाळी बदलायला येत नाही. नियम एकच: फोटोतल्या सगळ्यात नव्या वस्तूपेक्षा फोटो जुना असू शकत नाही. डंकर्कचा म्हणून एखादा फोटो आला आणि कोपऱ्यात जीप दिसली तर पुढे वाचायची गरज नाही. डंकर्कची माघार जून १९४० च्या पहिल्या आठवड्यात संपली, आणि जीपचा पहिला नमुना अमेरिकन सैन्याच्या हाती पडला तोच २३ सप्टेंबर १९४० ला.

हा नियम मी गेल्या वर्षी एका घरात लावला, आणि तो लावताना मला बरं वाटत नव्हतं.

माझ्या टीममधला एक मित्र मूळचा सातारा जिल्ह्यातला. त्याचे पणजोबा रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ट्रक ड्रायव्हर होते, ब्रह्मदेशात. घरात त्यांचा एकच फोटो. ट्रकच्या मडगार्डवर एक पाय ठेवून उभे, मागे नदी. फोटोच्या पाठीवर शाईने 'बर्मा ४२'. मित्राच्या आजोबांनी, म्हणजे फोटोतल्या माणसाच्या मुलाने, आता ऐंशीच्या घरात आहेत ते, लहानपणापासून ऐकलेलं की बापाने १९४२ ची माघार काढली. रंगून मार्चमध्ये पडल्यावर मे महिन्यापर्यंत आपलं सैन्य चिंदविन नदीपर्यंत मागे हटत आलं, नदीकाठी श्वेगिनला उरलेल्या बहुतेक गाड्या आपल्याच हातांनी निकामी करून टाकून दिल्या, आणि माणसं मिळेल त्या वाटेने भारतात पोचली. पणजोबा त्यात होते, असं घरचे सांगायचे. भावकीतला एक जण सांगायचा की छे, तो तेव्हा गावातच होता, भरतीच नंतर झाला. यावरून दोन घरांत किती वर्षं धुसफूस! पुरावा काय, तर हा फोटो. बर्मा स्टार पदक होतं, पण ते डिसेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४५ अशा सबंध काळातल्या सेवेसाठी दिलेलं, त्यावरून वर्ष कळत नाही. मित्राने मला स्कॅन पाठवला. 'तुला ट्रक कळतात ना, सांग.'

मोठा करून पाहिला. समोरच्या काचा उलट्या तिरक्या. तेरा नंबर. जाळीची घरं शंकरपाळ्यासारखी, म्हणजे शेवरले. कॅनडात १९४२ मध्ये बनायला लागलेला ट्रक पेटीत भरून, निम्मं जग ओलांडून, इथे जोडून एप्रिल-मेपर्यंत ब्रह्मदेशात पोचणं जवळजवळ अशक्य. तरी जवळजवळ म्हणजे जवळजवळ, म्हणून आणखी बघत राहिलो. मागे नदीवर पूल होता. जाळीदार पोलादी चौकटी एकापुढे एक जोडलेल्या, प्रत्येक चौकटीत शंकरपाळ्याचा आकार. बेली पूल. त्याच्या चौकटी कारखान्यातून बाहेर पडायला लागल्या १९४१ च्या मध्याला, आणि लढाईत तो पहिल्यांदा वापरला गेला १९४२ च्या अखेरीस, तेही उत्तर आफ्रिकेत. ब्रह्मदेशातल्या माघारीच्या वेळी तो तिथे नव्हता. तो आला सैन्य परत पुढे निघालं तेव्हा. डिसेंबर १९४४ मध्ये चिंदविनवर कलेवाला ११५४ फुटांचा तरंगता बेली पूल बांधला, तेव्हाचा जगातला सगळ्यात लांब. श्वेगिनच्या जवळच, जिथे अडीच वर्षांपूर्वी गाड्या टाकून यावं लागलं होतं. फोटोतला पूल तोच असं मी म्हणत नाही, ब्रह्मदेशात नद्या पुष्कळ आणि पूलही पुष्कळ. पण फोटो १९४२ चा नाही हे नक्की. पाठीवरचं ४२ नंतर कुणीतरी आठवणीने लिहिलेलं असणार.

मित्राला लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. एक, फोटो माघारीचा नाही. दोन, यावरून पणजोबा माघारीत नव्हते असं मुळीच सिद्ध होत नाही. ट्रक फोटोची तारीख सांगतो, माणसाची नाही. १९४२ मध्ये चालत आलेला माणूस १९४४ मध्ये त्याच नदीवरून ट्रक घेऊन परत गेला असणं सहज शक्य आहे. अशी पुष्कळ माणसं होती.

मित्राने हे आजोबांना समोर बसवून सांगितलं, लॅपटॉपवर काच आणि जाळी दाखवत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आजोबा बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हा परततानाचा नाही. जातानाचा आहे." आणि चहा मागवला.

भावकीतल्या घराला अजून काही कळवलेलं नाही. सेवेच्या नोंदी मिळवण्यासाठी मित्राने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केलाय. भरतीची तारीख मिळाली तर ती तिथेच मिळेल, कुठल्याही ट्रकच्या जाळीत नाही. अजून उत्तर आलेलं नाही. दरम्यान आजोबांना ट्रंकेत आणखी एक फोटो सापडलाय, त्यात पणजोबा मोटारसायकलवर बसलेत. मित्र रोज विचारतो. मला मोटारसायकलींमधलं ओ की ठो कळत नाही. कुणाला कळत असेल तर सांगा, स्कॅन पाठवतो.